एक फेरी आधी

मोटारींची जागतिक शर्यत देशात परत येणार, आणि तीही दिल्लीकडे न जाता कोल्हापूरजवळच्या वाघजाईच्या माळावर, ही बातमी पक्की झाली त्या दिवशी गावात चारदा साखर वाटली गेली. रस्त्यावर पेट्रोलची गाडी दिसेनाशी होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लोकांनी परड्यात झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकली बाहेर काढल्या आणि चौकात उभ्या करून नुसत्याच रेस केल्या. का, तर आवाज पाहिजे. तीसेक वर्षांपूर्वी ही शर्यत उत्तरेत काही वर्षं झाली आणि बंद पडली. तेव्हापासून इथली माणसं परदेशातली शर्यत पडद्यावर बघून दुधाची तहान ताकावर भागवत होती.

यजमान देशाला एका संघाच्या दोन गाड्या मिळतात असा नवा नियम होता. त्या दोन्ही गाड्यांत कोल्हापूरचीच पोरं बसणार म्हटल्यावर गावाला आभाळ ठेंगणं झालं. एक इंद्रजित मांगोरे, पिंपळ तालमीचा. दुसरी केतकी हावळ, चाफा तालमीची. इथं तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, अख्खी पेठ. दोन्ही तालमींचं फुटबॉलच्या मैदानावर तीन पिढ्यांचं वैर, पण ही दोन पोरं वाढली एकाच शेडमध्ये. इंद्रजितचा बाप विलास आणि केतकीचा बाप दिनकर हे दोघं उद्यमनगरात पस्तीस वर्षं एकत्र इंजिनं बांधत आले होते. पुढे इंजिनं गेली, मोटारी विजेवर आल्या, तशी या दोघांनी चाकं, बेअरिंगं आणि गिअर धरले. धंदा बदलला, जोडी बदलली नाही.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. गाडी तपासताना एकानं मुठीवर, म्हणजे वेग द्यायच्या जागी, बसायचं आणि एकानं रस्त्यावर उभं राहायचं. जो मुठीवर असतो त्याला वेगाच्या नादात काही कळत नाही. म्हणून रस्त्यावरच्यानं गाडी समोरून जाताना चाकाकडे बघायचं आणि वावगं दिसलं की हात वर करायचा. हात वर झाला की मूठ सुटली पाहिजे, का म्हणून विचारायचं नाही. केतकी नऊ वर्षांची असल्यापासून विलासकाकाच्या हातावर गाडी थांबवायला शिकली होती. इंद्रजितही शिकला, पण तो आधी का म्हणून विचारायचा.

आणि केतकी त्याच्यापेक्षा वेगवान होती. फार नाही, फेरीमागे सेकंदाचा तिसरा हिस्सा. विलासनं तिला स्वतःच्या हातानं शिकवलं होतं, तिच्या पहिल्या हेल्मेटला आतून कापड त्यानंच शिवून बसवलं होतं, आणि तो सेकंदाचा तिसरा हिस्सा त्याला कुसळासारखा सलत होता. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. बापाच्या मनात असं काही असतं हे त्याला स्वतःलाही कबूल नव्हतं.

आता नाडीपट्ट्याचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्याच्यामुळे.

शर्यतीच्या कंपनीनं प्रत्येक प्रेक्षकाच्या मनगटावर एक पट्टा बांधायचं ठरवलं होतं. इंग्रजी नाव काहीतरी लांबलचक होतं, गावानं त्याला नाडीपट्टा म्हटलं. तो नाडी मोजायचा, घाम मोजायचा, कातडीची ऊब मोजायचा. पण खरी करामत पुढेच होती. भीती वाटली तरी छाती धडधडते आणि हर्ष झाला तरी धडधडते, मग दोन्हींतला फरक यंत्राला कसा कळावा? भीतीनं हातातलं रक्त आत ओढलं जातं, हात गार पडतात. हर्षात तसं होत नाही, आणि दोन ठोक्यांमधलं अंतरही वेगळ्या चालीनं बदलतं. अशा लाखो माणसांच्या नोंदी शिकवून शास्त्रज्ञांनी तो पट्टा इतका हुशार केला होता, की माणूस हसतोय की नाही हे न बघता तो आतून सुखावलाय की नाही एवढं सांगत असे. घसा फोडून ओरडलं तरी पट्ट्याला त्याचं काही नव्हतं, त्याला रक्तातला हर्ष लागायचा.

प्रत्येक प्रेक्षकानं आपला एक चालक नोंदवायचा. ज्या चालकाचे चाहते ऐन क्षणी सगळ्यांत जास्त हर्षतील, त्याच्या गाडीच्या बॅटरीतली राखीव ताकद आठ सेकंदांपुरती खुली व्हायची. म्हणजे आखाड्यात बाहेरून नुसतं 'चांगभलं' ओरडायचे दिवस संपले. प्रेक्षकाच्या काळजाचा जोर खरोखरच चाकात उतरणार होता.

पिंपळ तालमीनं ही गोष्ट कुस्तीसारखी मनावर घेतली. महिनाभर संध्याकाळी हलगी लावून अकराशे माणसं इंद्रजितच्या जुन्या शर्यती बघत बसली आणि हर्षाचा सराव करू लागली. पण तालमीतल्या निम्म्या सुनांचं माहेर चाफा तालमीत. कुणाचं काळीज कुठे धडधडेल याचा भरवसा काय? पट्ट्याची नोंद ज्याची त्यालाच दिसायची, कायदाच तसा होता. तेव्हा तालमीच्या बैठकीत विलास उठला आणि त्यानं ठराव मांडला, की प्रत्येक सभासदानं स्वखुशीनं आपली नोंद उघडी करावी आणि सगळ्यांच्या हर्षाच्या रेघा तालमीच्या मोठ्या पडद्यावर लागाव्यात, म्हणजे फितूर कोण ते कळेल. "ज्याचं मन साफ हाय त्याला कसली भीती?" असंही तो म्हणाला. टाळ्या पडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी ते कुणाला कळलं नाही.

शर्यतीच्या दिवशी संघानं या जोडगोळीची पद्धत जशीच्या तशी वापरली. दिनकर आत, गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या पिटमध्ये, पडद्यांसमोर. विलास बाहेर, भैरोबा वळणाच्या स्टँडमध्ये आपल्या तालमीबरोबर, कमरेला वॉकीटॉकी. दोन्ही गाड्यांवर नजर ठेवायची आणि काही दिसलं तर बटण दाबून सांगायचं, एवढंच त्याचं काम. परदेशी इंजिनिअरांना याचं हसू आलं होतं. दिनकर त्यांना शांतपणे म्हणाला होता, की सेन्सर मरतो, इलासचा डोळा मरत न्हाई.

पंचेचाळीस फेऱ्यांची शर्यत. पस्तिसाव्या फेरीला केतकी तिसरी होती, इंद्रजित पाचवा. छत्तिसाव्या फेरीत भैरोबा वळणावर केतकीची गाडी सरळ गेली आणि कठड्यावर आदळली.

स्टँड उभा राहिला. लोकांनी तोंडावर हात घेतले, बायकांनी 'अगं बाई' म्हटलं, हलगी थांबली. विलासही उभा राहिला आणि त्यानंही तोंडावर हात घेतला. आणि त्याच क्षणी इंद्रजितच्या गाडीला आठ सेकंदांची ताकद मिळाली. तो पुढच्या गाडीच्या बाजूनं वाऱ्यासारखा निघाला आणि तिसरा झाला. तिसराच राहिला. या देशातला कुणी या शर्यतीत पहिल्या तिघांत आला ही पहिलीच वेळ.

केतकीला हेलिकॉप्टरमधून नेलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता, कंबरेचं हाड चिरलं होतं. जिवाला धोका नाही असं संध्याकाळी कळलं, तेव्हा मिरवणूक बिंदू चौकापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या पडद्यावर अकराशे रेघा लागल्या. फितूर एकही निघाला नाही. छत्तिसाव्या फेरीत, गाडी आदळल्याबरोबर, तोंडावर हात घेतलेल्या त्या सगळ्या माणसांच्या रेघा एकदम वर गेल्या होत्या. बहुतेकांच्या दोनतीन सेकंदांत खाली आल्या. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत लांब रेघ विलास मांगोरेची होती. अकरा सेकंद.

विलास पडद्यासमोर उभा राहिला आणि त्याची कानशिलं तापली. त्याला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल, निदान एखादं माणूस नजर चुकवेल. पण लोकांनी त्याला उचलून घेतलं. विलासआबांच्या हर्षावर आपली आठ सेकंदं आली, असा हिशेब तालमीनं मांडला होता. मंगळवारी चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. एका बाजूला हात उंचावलेला इंद्रजित, दुसऱ्या बाजूला फेटा बांधलेला विलास, मध्ये त्याची ती रेघ केशरी रंगात, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'आबांच्या काळजाचा ठोका, लेकाला मिळाला मोका!' केतकी ज्या दवाखान्यात होती त्याचा रस्ता त्या चौकातूनच जात होता.

चाफा तालमीची पोरं दगड घेऊन येतील अशी पोलिसांना धास्ती होती. ती आली, पण रिकाम्या हातांनी. पंधरावीस जण फ्लेक्ससमोर उभे राहिले, रेघ किती लांब आहे ते त्यांनी बघितलं आणि निघून गेले. विलास समोरच्या टपरीत चहा घेत होता. एखादा दगड बसला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

त्या दुपारी इंद्रजितनं फ्लेक्स स्वतः शिडी लावून उतरवला. घरी येऊन त्यानं बापाला एवढंच विचारलं, की केतकी आपटल्यावर तुम्हाला बरं वाटलं हे खरं का. विलास म्हणाला, की यंत्राचं काय घेऊन बसलास, बाप हाय मी तुझा. इंद्रजित आत गेला आणि त्यानं आपला चषक पिशवीत घालून केतकीच्या खाटेखाली नेऊन ठेवला. परत आल्यावरही तो बापाशी जेवणापुरतंच बोलत होता.

बुधवारी पुण्याहून मेघना कारखानीस यांचा फोन आला. पट्टा ज्यांनी घडवला त्यांच्यापैकी या एक. आवाज तरुण आणि आर्जवी होता. तुमची नोंद चारचौघांपेक्षा वेगळी आहे म्हणून बोलायचं होतं, असं त्या म्हणाल्या. विलासला धीर धरवेना. त्यानंच आधी विचारलं, की माणूस तेवढ्यावरून वाईट ठरतो का.

बाईंनी समजावून सांगितलं. पहिली दोन सेकंदं माणसाची नसतात, शरीराची असतात. प्रतिस्पर्धी पडला की मेंदूचा एक जुना भाग सुखावतो, माणसाच्या परवानगीची वाट बघत नाही. नंतर विचार करणारा भाग जागा होतो आणि त्या सुखाला आवर घालतो. पट्टा बाजारात आणायची घाईच झाली, आम्ही लोकांना हे आधी सांगायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. विलासला क्षणभर हायसं वाटलं. मग अकरातून दोन वजा केले तर नऊ उरतात हे त्याच्या ध्यानात आलं.

"पण माझा प्रश्न वेगळाच आहे," बाई म्हणाल्या. "तुमची रेघ अपघाताच्या आधीच चढायला लागते. हळूहळू, पण चढतेच. पस्तिसाव्या फेरीत केतकी हावळ तुमच्या समोरून गेल्या तिथपासून. ब्याण्णव सेकंद आधी, म्हणजे बरोबर एक फेरी. असं होऊ शकत नाही. तुमच्या पट्ट्याचं घड्याळ चुकलं असणार. तुम्ही हो म्हणालात तर मी ती नोंद सदोष म्हणून पुसून टाकते. फक्त शुक्रवारपर्यंत सांगा. अपघाताचा अहवाल त्या दिवशी बंद होतोय."

विलासनं विचारलं, अहवालात काय आहे. चालकाची चूक, असं उत्तर आलं. मागच्या उजव्या चाकाचा सेन्सर चौतिसाव्या फेरीतच बंद पडला होता, चाकाचा चुरा झाला होता, गाडीत दोष होता असं दाखवणारं काही शिल्लक नव्हतं. केतकी हावळ यांनी वळणावर उशिरा ब्रेक लावला असा निष्कर्ष होता. पुढच्या मोसमाची त्यांची जागा गेल्यात जमा होती.

विलासनं फोन ठेवला आणि शेडच्या मागच्या पायरीवर जाऊन बसला. घड्याळ चुकलं नव्हतं. पस्तिसाव्या फेरीत केतकीची गाडी समोरून गेली तेव्हा मागचं उजवं चाक त्याला थरथरताना दिसलं होतं. सुताएवढं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, पण बेअरिंग संपत आलं की चाक कसं हलतं हे त्यानं झोपेतही ओळखलं असतं. त्याचा हात कमरेच्या वॉकीटॉकीवर गेलाही होता. मग त्यानं स्वतःला समजावलं, की उन्हाची झळ असेल. पिटमध्ये सेन्सर आहेत, त्यांना कळेलच. तिला स्वतःला जाणवेल. नक्की नसताना बोललो आणि तिची शर्यत वाया गेली तर लोक म्हणतील, पोराच्या सोयीसाठी थांबवली. कारणं एकाहून एक चांगली सुचत गेली. हात बटणावरच राहिला, बोट दाबलं गेलं नाही, आणि छातीत काहीतरी सुखाचं पसरत गेलं. ती आत पिटमध्ये जाईल, इंद्रा पुढं येईल, एवढंच त्याच्या मनात होतं. ती आपटेल असं मनात नव्हतं. पण चाक निसटलं तर काय होतं हे ज्याला ठाऊक आहे त्यानं असं म्हणण्याला काय अर्थ आहे?

त्याला स्वतःची शिसारी आली. फ्लेक्सवरची रेघ अख्ख्या गावानं बघितली होती, आणि तिच्याआधीचा तो बारीक चढ फ्लेक्स छापणाऱ्यानं जागा पुरेना म्हणून कापून टाकला होता. लोकांना दिसली ती लाज त्यामानानं काहीच नव्हती. आता बाईंना नुसतं हो म्हटलं की उरलेलीही पुसली जाणार होती.

गुरुवारी तो कामाला आला, त्यानं लेथ चालू केलं आणि दिवसभरात एक काम पुरं केलं नाही. दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा हो म्हणायलाच घेतला होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

शुक्रवारी सकाळी तो दवाखान्यात गेला. अजून एकदाही गेला नव्हता. दिनकर दाराशीच भेटला, पाच दिवसांची दाढी वाढलेली. विलासला वाटलं, हा आता गचांडी धरेल. दिनकरनं त्याचा हात धरला आणि त्याला आत नेलं.

केतकीचा पाय वर टांगला होता. चेहरा अजून सुजलेला होता, पण ती हसली. "काका, या की. बसा," ती म्हणाली आणि आईनं पाठवलेल्या डब्यातला लाडू तिनं पुढे केला. फ्लेक्सचा विषय कुणीच काढला नाही. तेव्हा विलासनंच कसाबसा काढला. दिनकरनं हातानंच थांबवलं.

"आपल्या पोराचा बाप हाईस, इल्या. हुतं तसं. अकराशे माणसांचं झालं, तुझं झालं. त्याचं मला काय न्हाई."

"तुझं झालं असतं का रं?" विलासनं विचारलं. त्याला फार वाटत होतं की दिनकरनं होय म्हणावं.

दिनकरनं खरंच विचार केला. "इंद्राची गाडी बाराव्या फेरीत फिरली तवा मी डोळं मिटून घेतलं हुतं," तो म्हणाला. "पडद्याकडं बघवंना."

मग तो केतकीबद्दल बोलायला लागला. ती रात्रंदिवस तेच वळण डोक्यात फिरवत होती. ब्रेक वेळेवर लावला होता असं तिला आठवत होतं, पण अहवाल तसं म्हणत नव्हता, आणि आता तिचा स्वतःच्या पायावरचा भरवसा उडाला होता. आता परत गाडीत बसणार नाही असं ती कालपासून म्हणत होती. दिनकरनं तिची समजूत घातली होती.

"मी तिला सांगितलं, बाळ, मनाला लावून घिऊ नकोस, पर गाडीवर ढकलू पण नकोस. इलास रस्त्यावर हुता. चाकात काय असतं तर त्यानं हात वर केला नसता काय? म्हंजे चूक तुझीच. मान्य कर आन् मोकळी हो."

केतकीनं मान हलवली. तिला ते पटलेलं होतं.

विलासच्या हातात लाडू तसाच होता. त्यानं तो टेबलावर ठेवला, हात पुसले आणि खिशातून फोन काढला. बाहेर जाऊन बोलला असता तरी चाललं असतं. पण बाहेर गेलो तर आपण दारातून तसेच घरी जाऊ, एवढं तो स्वतःला आता ओळखत होता. त्यानं तिथेच मेघनाबाईंना फोन लावला.

"मांगोरे बोलतोय," तो म्हणाला. "नोंद पुसू नका. घड्याळ बरोबर हाय. पस्तिसाव्या फेरीत मागचं उजवं चाक हलत हुतं. बेअरिंग गेलं हुतं. केतकी हावळनी ब्रेक वेळंवर लावला असणार, चाकच राहिलं नसंल तर ब्रेक काय करणार. हे अहवालात घाला, माझ्या नावानं घाला." पलीकडून बाई काहीतरी भराभर विचारू लागल्या. साक्ष द्यायला कुठं बोलवाल तिथं येतो, असं सांगून त्यानं फोन बंद केला.

केतकी उशीवरून अर्धी उठली होती. पायाला कळ गेली असणार, पण तिच्या तोंडावर कळ नव्हती.

"म्हंजे माझं चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "पप्पा, ऐकलं काय? मी म्हणत हुतो की न्हाई!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती. तिनं हात लांब करून विलासचा हात घट्ट धरला. पाच दिवसांत पहिल्यांदाच ती अशी हसली असणार. तो हात सोडवून घ्यावा असं विलासला वाटलं, पण त्यानं तो तसाच राहू दिला.

दिनकर हसला नाही. त्याला केतकीच्या आधी कळलं होतं. तो खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे बघून केतकीचं हसू हळूहळू थांबलं. तिनं बापाकडे बघितलं, मग विलासकडे. तिच्या बोटांची पकड सैल झाली.

"काका," तिनं विचारलं, "पस्तिसाव्या फेरीत तुम्हाला दिसलं हुतं?"

"व्हय," विलास म्हणाला.